तेलाखाली ठेवलं की टिकतं, हे सगळ्याला लागू नाही (बोटुलिझमबद्दल)

कडकभाकरी (धागाकर्ती)

मी सोलापूरची. अकरा वर्षं घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकते. पुण्यात शिकणारी, नोकरी करणारी आपल्याकडची पोरं हेच माझं मुख्य गिऱ्हाईक. हा धागा काढायला कारण घडलं, ते आधी सांगते.

मार्चच्या शेवटी मी पिशवीतली हवा काढून सील करायचं मशीन घेतलं. घेतलं होतं चटणीसाठी. पण दोघातिघांनी विचारलं होतं, "ताई, भरलं वांगं पाठवता येईल का? आणि लसूण सोलून तेलात घालून?" मी दोन्ही करून पाहिलं. वांग्याचा रस्सा दाट आटवला, गार केला, सहा पिशव्यांत भरून हवा काढली. लसूण जरा ठेचून करडईच्या तेलात बुडवला आणि बाटल्यांची झाकणं घट्ट लावली. आत हवाच नाही तर खराब होईल कशाने, असं माझं गणित होतं. दोन पिशव्या भाच्याकडे हिंजवडीला पाठवल्या, चव बघून सांग म्हणून. उरलेल्या चार माळ्यावर ठेवल्या.

एप्रिलचा पहिला आठवडा, बाहेर चाळिशी ओलांडलेली आणि वर पत्रा. पाचव्या दिवशी मोकळे डबे काढायला स्टुलावर चढले तर चारातली एक पिशवी उशीसारखी फुगलेली. भरताना तिचं प्लास्टिक वांग्याला चिकटून बसलं होतं, देठाचा आकारसुद्धा वरून दिसत होता. आता कोपरे ताणले होते, आणि बोटाने दाबलं की तेलाच्या कडेने बारीक बुडबुडे सरकत होते. बाकीच्या तीन मात्र जशा भरल्या तशाच, चपट्या.

रात्री साडेअकराला भाच्याला फोन लावला. "त्या पिशव्या उघडू नकोस."

"मावशी, एक तर परवाच खाल्ली. झकास होती."

पुढचे आठ दिवस मी त्याला सकाळ-संध्याकाळ फोन करत होते. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसतंय का, गिळताना अडकतंय का, बोलताना जीभ जड वाटते का. त्याला काही झालं नाही. तो रस्सा त्याने कांदा घालून कढईत दहा-पंधरा मिनिटं चांगला खदखदवला होता. पिशवीत नेमकं काय वाढलं होतं ते मी तपासून घेतलेलं नाही. फुगवणारे इतरही जंतू असतात. पण त्या आठ दिवसांत जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं, त्यावरून एवढं कळलं की माझं गणितच उलटं होतं. बोटुलिझम म्हणजे बंद अन्नात तयार झालेल्या विषाने अंग लुळं पडण्याचा आजार, आणि त्याचा जंतू वाढतो तोच हवा नसलेल्या जागी. हवा काढून मी त्याला जागा करून दिली होती.

तुमच्यापैकी पुष्कळजणी असं काही ना काही करत असणार, म्हणून लिहिलं.

---

बाळीवेस

अक्का, वाचून काळजात धस्स झालं. पण एक शंका आहे. आमची आजी कैरीचं लोणचं चिनीमातीच्या बरणीत घालायची, वर बोटभर तेल, तोंडाला दादरा बांधलेला. दोन-दोन वर्षं टिकायचं. आम्ही सगळे त्यावर वाढलो की ओ. मग तेलात ठेवणं चुकीचं कसं म्हणायचं?

---

कडकभाकरी

बाळीवेसदादा, मीही डॉक्टरांना हेच विचारलं होतं. आजीच्या बरणीत कैरी होती. कैरी मुळातच आंबटढाण, त्यात मीठ मुठीमुठीने, फोडी मीठ लावून उन्हात सुकवलेल्या. राखण करत होते ते आंबट आणि मीठ. तेलाचं काम वरच्या बुरशीपुरतं, कारण बुरशीला हवा लागते. आपण लक्षात ठेवलं फक्त तेल, कारण डोळ्यांना तेवढंच दिसतं.

लसणात आंबटपणा नाही. मीठ मी घातलं नव्हतं. पाणी भरपूर. आणि तो जमिनीखाली वाढतो, म्हणजे मातीतले बीजाणू (या जंतूचं झोपलेलं बीच म्हणा) अंगावर घेऊनच घरात येतो.

---

निवृत्त_तंत्रज्ञ

मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. ताईंनी मूळ मुद्दा बरोबर पकडलाय, त्यात थोडी भर घालतो.

जंतूचं नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. हा मातीत सगळीकडे असतो, आपल्या काळ्या रानातही. परिस्थिती वाईट असली की तो स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणू होऊन पडून राहतो. त्या बीजाणूने आपलं बिघडत नाही, भाज्यांबरोबर आपण तो आयुष्यभर खात असतो. पण ओलावा, ऊब, आंबटपणा नाही, मीठ कमी आणि हवा नाही, एवढं सगळं एका ठिकाणी जमून आलं की तो उगवतो आणि विष तयार करतो. हे विष अशा जातीचं की माणूस मारायला मिठाच्या एका कणाएवढंसुद्धा पुरतं. डोळ्याच्या तिरळेपणावर डॉक्टर हेच विष अतिसूक्ष्म मात्रेत टोचतात, त्याचं बाजारातलं नाव बोटॉक्स.

आता उकळण्याबद्दल. इथे लोकांचा गोंधळ होतो, म्हणून सावकाश सांगतो. बीजाणू आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी. विष उष्णतेला नाजूक आहे, दहा मिनिटं खळखळून उकळलं की मोडतं. ताईंच्या भाच्याने रस्सा उकळला ते म्हणूनच फार बरं झालं. बीजाणू मात्र उकळत्या पाण्यात तासन् तास तग धरतात. त्यांना मारायला १२१ अंश सेल्सिअस लागतं, तेही पदार्थाच्या पार मध्यापर्यंत पोचून तीन मिनिटं. उघड्या भांड्यात पाणी शंभराच्या वर जातच नाही, सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच असल्याने इथे तर शंभराच्याही थोडं आधीच उकळतं. म्हणजे ताईंनी वांगं कितीही शिजवलं असतं तरी बीजाणू राहणार, आणि शिजवताना बाकीचे जंतू मेल्यामुळे त्यांना मोकळं रान मिळणार.

आंबटपणा पीएच या मापात मोजतात, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. त्याची रेघ पीएच ४.६ वर आहे. त्याच्या खाली हा जंतू उगवत नाही. लिंबू २-२.५, कैरी ३ च्या आसपास, चिंचही तशीच आंबट. लसूण, वांगं, मिरची, बटाटा, मका, मटार, मटण, मासे हे सगळे रेघेच्या वर. टोमॅटो अगदी रेघेवर, गोडसर जातीचा असला तर वर जातो. टोमॅटोचा रस बाटलीत भरायचा तर लिंबू पिळायला सांगतात ते चवीसाठी नाही.

आणि वासावर जाऊ नका. पुष्कळदा वास येतो, पिशवी फुगते, पण काहीही न दिसता विष असू शकतं. ताईंच्या त्या तीन चपट्या पिशव्याही मी फुगलेल्या पिशवीइतक्याच धोक्याच्या धरीन. चाखून बघणं तर मुळीच नको.

---

बाळीवेस

काका, पण हा परदेशातला रोग ना? आपल्याकडे कुणाला झालेलं ऐकलं नाही कधी.

---

निवृत्त_तंत्रज्ञ

नोंदी कमी आहेत, पण आहेत. सप्टेंबर १९९६ मध्ये गुजरातमधल्या एका निवासी शाळेत ३४ मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, किमान तीन दगावली. तपासात बेसनाच्या शेवेत याच जातीचं विष करणारा भाऊबंद सापडला, क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम. साधी शेव, आपल्या घराघरात असते ती.

बाहेरच्यांची उदाहरणं बघायची तर रोगाच्या नावातच एक आहे. लॅटिनमध्ये 'बोटुलस' म्हणजे आतड्यात मांस भरून केलेला सॉसेज. दोनशे वर्षांपूर्वी युस्टिनुस केर्नर नावाच्या जर्मन डॉक्टरने सॉसेज खाऊन मेलेल्यांच्या नोंदी गोळा केल्या आणि त्या विषाची चव स्वतःवरही घेऊन पाहिली. जंतू सापडला नंतर. १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियमच्या एका खेड्यात मयतीला बँड वाजवायला आलेल्या वाजंत्र्यांनी मुरवलेलं मांस खाल्लं, तिघे गेले. त्या मांसातून एमिल फान एर्मेंगेम यांनी हा जंतू वेगळा केला.

आणि ताईंच्या लसणाचीच गोष्ट. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला तेलात ठेवलेल्या ठेचलेल्या लसणाच्या बाटलीतून ३६ जणांना बोटुलिझम झाला. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची होती, ठेवली नव्हती.

---

पूर्वभाग

आमच्या पूर्व भागात घरोघरी आवकाय घालतात, तेलुगू घरं ना आमची. कैरी, मोहरीची पूड, तिखट, मीठ, तेल. आई म्हणायची, मीठ मोजताना हात आखडायचा नाही. आता कळलं का.

पण मला वेगळंच सांगायचंय. गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या गल्लीत मीठ कमी करायची टूम आलीय. ब्लड प्रेशरवाले घरात आहेत म्हणून लोणच्यातच मीठ निम्मं. आणि रंजकाही तसाच. ओल्या लाल मिरच्या, लसूण, मीठ, लिंबू वाटून बरणीत आंबवायचा, तर आता लिंबू कमी, मीठ कमी, आणि आंबायच्या आधीच वर तेल ओतून झाकण घट्ट. काका, हे कितपत चालतं?

---

निवृत्त_तंत्रज्ञ

चालत नाही. ब्लड प्रेशर असेल तर फोड अर्धी खावी, बरणीतलं मीठ तेवढंच ठेवावं. दहा टक्के मिठापर्यंत हा जंतू तग धरतो. मीठही कमी आणि लिंबूही कमी म्हणजे दोन्ही राखणदार एकदम घरी पाठवल्यासारखं. कमी मिठाचा रंजका करायचाच तर आठवड्यापुरता करून फ्रीजमध्ये ठेवा.

---

रात्रपाळी

मी आयसीयूत नर्स आहे, वीस वर्षं होत आली. वरचं सगळं टाळण्याबद्दल झालं. झालाच तर ओळखायचा कसा, ते मी लिहिते, कारण यात वेळ फार मोलाचा असतो.

खाल्ल्यावर साधारण १२ ते ३६ तासांत सुरू होतं, कधी काही तासांत तर कधी काही दिवसांनीही. उलटी-मळमळ असेल किंवा नसेल. जुलाबापेक्षा पुढे पोट साफ न होण्याचीच तक्रार जास्त. ताप नाही. पापण्या जड होऊन खाली येतात, दोन-दोन दिसतं, तोंड कोरडं पडतं, जीभ अडखळते, घोट गिळवत नाही. मग मान, हात, छाती, असा अशक्तपणा वरून खाली उतरत जातो. दोन्ही बाजूंना सारखा. माणूस पूर्ण शुद्धीत असतो, त्याला सगळं ऐकू येतं, कळतं, फक्त डोळे उघडता येत नाहीत. नातेवाइकांना वाटतं झोपलाय, अशक्तपणा आलाय, सलाईन लावा. श्वासाचे स्नायू थकले की व्हेंटिलेटरच लागतो.

आपल्या भागात अशा पापण्या पडलेला पेशंट आला की पहिला संशय मण्यारीचा, आणि तो बरोबरच असतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश धड दिसतही नाही, आणि सकाळी पापण्या उघडत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, तेव्हापासून लोकांना तेही नाव माहीत झालंय. जीबीएस बहुतेक वेळा पायांपासून वर चढतो, हा डोळ्यांपासून खाली उतरतो. डॉक्टर या सगळ्याचा विचार करतीलच. तुम्ही फक्त विचारायची वाट न बघता सांगा: गेल्या चार-पाच दिवसांत काय खाल्लं, त्यात बाटलीतलं, डब्यातलं, पॅक केलेलं काय होतं, सोबत अजून कुणी खाल्लं होतं का. एकाच घरातल्या दोघांच्या पापण्या पडल्या तर ते वाक्य सगळ्यात आधी सांगा. उरलेला पदार्थ फेकू नका, दोन पिशव्यांत घट्ट बांधून सोबत आणा.

१०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात थेट न्या. तोंडातून पाणी, लिंबू सरबत, औषध काहीही देऊ नका, गिळवत नसताना ते फुप्फुसात जातं. यावरचं अँटिटॉक्सिन रक्तात फिरणारं विष पकडतं, पण नसांच्या टोकांना जाऊन बसलेलं सोडवू शकत नाही. म्हणून जितकं लवकर तितकं चांगलं. बसलेल्या नसांना नवे धागे फुटायला आठवडे, कधी महिने जातात. तोवर श्वास यंत्राने चालू ठेवला तर माणूस बरा होतो. २००६ साली थायलंडच्या नान प्रांतात घरी डब्यात भरलेले बांबूचे कोंब खाऊन दोनशेहून अधिक लोक आजारी पडले, ४२ जणांना व्हेंटिलेटर लागला, आणि एकही दगावला नाही. यंत्रं आणि माणसं वेळेवर पोचली म्हणून.

---

नवीआई

रात्रपाळीताई, माझं बाळ अडीच महिन्यांचं आहे. आजेसासूबाई रोज बाळगुटी मधात उगाळून चाटवतात. कुठेतरी वाचलं होतं मध नको म्हणून. याचा याच्याशी संबंध आहे का?

---

रात्रपाळी

आहे, आणि थेट आहे. आजपासूनच थांबवा.

मधात या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते उगवत नाहीत, कारण तिथे आधीपासून वस्ती करून असलेले चांगले जंतू त्यांना जागा देत नाहीत. बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून बसलेली नसते. तिथे बीजाणू उगवतात आणि विष आतच तयार होतं. १९७६ साली अमेरिकेत हा प्रकार पहिल्यांदा ओळखला गेला. म्हणून एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही. शुद्ध, रानातला, ओळखीच्याकडचा, कुठलाच नाही. गरम करूनही नाही, वर काकांनी सांगितलंच आहे, बीजाणू उकळून मरत नाहीत.

बाळाला दोन-तीन दिवसांत शी झाली नसेल आणि त्याबरोबर रडणं क्षीण वाटत असेल, ओढून दूध पीत नसेल, मान नेहमीपेक्षा लुळी पडत असेल, चेहऱ्यावर भाव नसतील, तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि मध दिला होता हे सांगा. यातलं काही नसेल तर घाबरू नका.

आजींना वाईट वाटेल. त्यांनी त्यांची सहा बाळं अशीच वाढवली असतील आणि सगळी धडधाकट असतील. त्यांना म्हणा, सहा महिने नुसतं आईचं दूध द्यायला डॉक्टरांनी बजावलंय. आणि तेल-मालीश, आंघोळ, धुरी हे त्यांच्या हातात राहू द्या. माझ्या सासूबाईंना तेवढं पुरलं होतं.

---

सातरस्ता_मेस

मी मेस चालवतो, सव्वाशे डबे आहेत. वाचून आज गोदाम तपासलं. मक्याचे दोन डबे काठाला चेपलेले होते आणि एकाचा वरचा पत्रा फुगलेला. तिन्ही बाजूला काढले. पोऱ्याला सांगितलं कुत्र्यांना घालू नको.

एक विचारायचं होतं. मटार, मक्याचे दाणे स्वस्तात असताना काचेच्या बाटल्यांत भरून कुकरला चार शिट्ट्या दिल्या तर? कुकरमध्ये तर शंभराच्या वर जातं ना ओ काका?

---

निवृत्त_तंत्रज्ञ

कुकरमध्ये वाफ १२० च्या आसपास जाते हे खरं. पण शिट्टी होते तेव्हा वाफ तापलेली असते, बाटलीच्या मधला दाणा नाही. काचेतून, पाण्यातून उष्णता आत सरकायला वेळ लागतो. शिट्टीबरोबर दाब उतरतो-चढतो, तो किती वेळ टिकला हे तुम्हाला कळत नाही. या कामाला दाबाचा काटा असलेलं वेगळं भांडं असतं, आणि प्रत्येक भाजीला, प्रत्येक बाटलीच्या मापाला ठरलेली मिनिटं. अंदाजाला तिथे वाव नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या ओहायोत चर्चच्या एका पंगतीत बटाट्याच्या सॅलडमधून २९ जणांना बोटुलिझम झाला. बटाटे कुणीतरी घरीच बाटलीत भरले होते, साध्या उकळत्या पाण्यात. करणाऱ्याची नियत चांगलीच असणार.

मटार गोठवून ठेवा. डीप फ्रीझरमध्ये हा उगवत नाही. वीज बराच वेळ गेली आणि माल सुटून मऊ पडला, तर तो परत गोठवू नका.

आणि कुत्र्यांना घालू नको म्हणालात ते फार चांगलं केलंत. गायीगुरांनाही हे विष बाधतं. डबा न उघडता दोन पिशव्यांत बांधून टाका, काही सांडलं तर ब्लीचच्या पाण्याने पुसा, हात धुवा.

---

पूर्वभाग

अक्का, मग तुमची शेंगा चटणी? ती पण पॅकच असते की.

---

कडकभाकरी

हा प्रश्न यायलाच हवा होता. चटणीत पाणी नाही. शेंगदाणे खमंग भाजायचे, लसूण आणि तिखट-मीठ घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. कडक भाकरी तर पापडासारखी वाळलेली. पाणी नसेल तर बीजाणू नुसता पडून राहतो. पण काकांना फोनवर विचारलं तेव्हा त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली, ओला लसूण. मी आजवर सोललेला लसूण तसाच घालायची. आता पाकळ्या काप करून उन्हात दोन दिवस कडकडीत वाळवते, मग मंद आचेवर भाजते, मोडला की कट् आवाज आला पाहिजे. चव किंचित बदलली. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी ओळखली.

लसणाच्या सगळ्या बाटल्या झाकण न उघडता टाकल्या. घरात तेलातला लसूण लागला तर आता वाटीभर करते, फ्रीजमध्ये ठेवते, चार दिवसांत संपवते. वांगं पाठवणं बंद. मशीन आहे, त्यात फक्त भाकरी आणि चटणी जाते.

भाचा परवा घरी आला होता. दुसरी पिशवी त्याने त्या रात्रीच फोन चालू असताना कचऱ्यात बांधून टाकली होती, ते मला आता सांगितलं. ताटावर बसल्यावर मी त्याच्या पापण्यांकडे बघत होते ते त्याच्या लक्षात आलं. "मावशी, एकच दिसतेस," म्हणाला, आणि भाकरी मागितली.